राजीखुशीने आणि अक्कलहुशारीने

आपल्याकडे लग्नात वधूवरांची संमती विचारण्याची चाल नाही. भटजी एकदम 'सावधान' म्हणून ओरडतात. त्या शब्दाचा अर्थ समजून वेळीच बोहल्यावरून पळालेला मराठी माणूस एकच, आणि तो पुढे समर्थ झाला. बाकीचे आपण सारे डोक्यावर अक्षता पडेपर्यंत मुकाट्याने उभे असतो. अशा या माणसांकडून हल्ली दिवसातून दहादा संमती मागितली जाते, हा काळाचा महिमाच म्हटला पाहिजे. टॅक्सी बोलवायची? संमती द्या. विजेचे बिल भरायचे? संमती द्या. फोनवर पंचांग उघडून लक्ष्मीपूजनाचा मुहूर्त पाहायला जावे, तर मुहूर्ताच्या आधी 'मी सहमत आहे' अशी निळी पट्टी आडवी येते. ती दाबल्यावाचून लक्ष्मी प्रसन्न होत नाही.

'संमती' हा शब्द मराठी घराघरांत वादाचा विषय झाला तो १८९१ साली. संमतिवयाच्या विधेयकात मुलीच्या वयाची मर्यादा दहावरून बारावर न्यावी की नाही, यावरून टिळक एका बाजूला आणि आगरकर, भांडारकर दुसऱ्या बाजूला, असे रण माजले होते. सारे पुणे त्यावर बोलत होते. जिच्या संमतीचा प्रश्न होता त्या मुलीला मात्र कोणी काही विचारल्याचे ऐकिवात नाही. तेव्हापासून या शब्दाकडे मी जरा संशयाने पाहतो. संमतीची चर्चा फार झाली की ज्याची ती घ्यायची तो माणूस बहुधा खोलीबाहेर असतो.

आता या निळ्या पट्टीच्या पाठीशी कायदा येऊन उभा राहिला आहे. त्याची वंशावळ मोठी मनोरंजक आहे. आधारचा पहिला क्रमांक आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी, २९ सप्टेंबर २०१० रोजी दिला गेला. आधारचा कायदा झाला २०१६ साली. म्हणजे बोटांचे ठसे आधी आणि कायदा मागाहून. वऱ्हाड जेवून गेल्यावर आमंत्रणपत्रिका छापल्यासारखे. मध्यंतरी २०१२ साली के. एस. पुट्टस्वामी या निवृत्त न्यायमूर्तींनी, वयाची ऐंशी उलटल्यावर, सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. त्यातूनच २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले, की खाजगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. त्या निकालात धनंजय चंद्रचूड यांनी आणीबाणीतला १९७६ चा एक निकाल चुकीचा ठरवला. तो देणाऱ्यांत त्यांचे वडील यशवंतराव चंद्रचूड होते. बापाची चूक मुलाने भरसभेत दाखवावी आणि सगळ्यांनी त्याचे कौतुक करावे, हा प्रकार आमच्या घरी मात्र खपायचा नाही.

या निकालाच्या पोटी २०२३ साली वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा जन्मला आणि त्याचे नियम निघाले नोव्हेंबर २०२५ मध्ये. त्यातही संमती आणि सूचना यांच्या तरतुदींना अठरा महिन्यांची सवड आहे, म्हणजे त्या मे २०२७ पासून अमलात यायच्या. मोठ्या कसुरीला अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. आकडा ऐकून बरे वाटते. तो आपल्याला मिळणार नसून सरकारी तिजोरीत जाणार, हे कळल्यावर जरा कमी बरे वाटते.

कायदा मी मुळातून वाचला. ज्याची माहिती आहे त्या माणसाला यात 'डेटा प्रिन्सिपल' म्हटले आहे. वीस वर्षे अधिव्याख्यातेपण करून जे पद महाविद्यालयाने मला दिले नाही, ते संसदेने बसल्या जागी बहाल केले. माहिती घेणाऱ्या कंपनीला जो इंग्रजी शब्द योजला आहे त्याचा अर्थ 'विश्वस्त' असा होतो. आपल्याकडे देवस्थानांच्या विश्वस्तांविषयी काय बोलले जाते हे मसुदा करणाऱ्यांना ठाऊक नसावे. आणखी एक गंमत अशी, की इंग्रजी मसुद्यात व्यक्ती पुरुष असो की स्त्री, तिचा उल्लेख सर्वत्र 'ती' असाच आहे. हे मी सौभाग्यवतींना वाचून दाखवले, तेव्हा त्या चकल्या पाडता पाडता म्हणाल्या, "अहो, एवढ्या वर्षांत एका तरी कायद्याला आमची आठवण झाली म्हणायची!"

पण मला खरे थांबवले ते संमतीच्या व्याख्येने. संमती मोकळ्या मनाने दिलेली हवी, नेमक्या कामापुरती हवी, समजून उमजून हवी, अट न घालता हवी आणि निःसंदिग्ध हवी, असे कायदा म्हणतो. वाचकहो, हे कुठे ऐकल्यासारखे वाटते ना? घरातला एखादा जुना दस्त काढा, आजोबांच्या खरेदीखताचा किंवा गहाणखताचा. शेवटी ठरलेले वाक्य असते: हा दस्त राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून दिला असे. राजीखुशी म्हणजे मोकळे मन आणि अक्कलहुशारी म्हणजे समज. दिल्लीच्या कायदेपंडितांनी पाच विशेषणांत जे बसवले, ते आमच्या दस्तलेखकाने दोन शब्दांत केव्हाच बसवले होते.

मात्र त्या दोन शब्दांनी कोणाचे रक्षण झाले? खाली सहीच्या जागी 'निशाणी नांगर' असे. ज्याला एक अक्षर वाचता येत नाही तो कुणबी राजीखुशीने आणि अक्कलहुशारीने नांगराची खूण करून मोकळा होई. व्याज किती, मुदत किती, जमीन केव्हा जाणार, हे लिहिणाऱ्याला ठाऊक. मग १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी शेतकरी सावकारांवर चालून गेले. हे दंगे गावोगाव पसरले आणि बहुतेक ठिकाणी त्यांचा रोख होता कर्जरोख्यांवर. कागद हाती आले की जाळायचे. त्यांची कागदाबद्दलची समज आपल्याहून पक्की होती असे मला वाटते. सरकारने चौकशी केली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. त्यात एक शहाणपणाची तरतूद होती: शेतकऱ्याने करून द्यायचा दस्त गावच्या रजिस्ट्रारसमोर, त्याच्या देखरेखीखाली लिहिला जावा. म्हणजे कागद आणि नांगराची खूण यांच्या मध्ये एक तिसरा माणूस उभा केला.

आमच्या निळ्या पट्टीपुढे असा माणूस नाही. पट्टीआड दडलेला मजकूर वीस वीस पानांचा आणि इंग्रजीत. तो मी वाचत नाही, माझे सहकारी वाचत नाहीत, आमचे शेजारी वकील आहेत तेही वाचत नाहीत. आपण सारे निशाणी नांगर करून पुढे जातो.

नव्या कायद्यात यावर एक उपाय आहे, आणि वर्तमानपत्रांनी त्याला द्यावी तेवढी जागा दिली नाही. संमती मागताना दिलेली सूचना इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या बावीसांपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय कंपनीने करून दिलीच पाहिजे. त्या बावीसांत मराठी आहे, कोकणी आहे. दिलेली संमती परत घेणेही ती देण्याइतकेच सोपे ठेवायचे आहे. हे हक्क मला दंडाच्या अडीचशे कोटींपेक्षा मोलाचे वाटतात.

धास्ती आहे ती मराठीच्या जातीची. साठीच्या दशकात शासनाने पदनाम कोश काढला, तेव्हा लोकांनी त्याचे नाव 'बदनाम कोश' ठेवले होते. त्यातले पुष्कळ शब्द पुढे रुळले, हे मी मराठीचा मास्तर म्हणून आवर्जून सांगेन. पण त्या शब्दांमागे निदान विद्वान माणसे बसली होती. आता भाषांतर यंत्र करते. परवा आईच्या फोनवर मराठी पट्टी आली: 'आपली कुकी प्राधान्ये व्यवस्थापित करा.' आई सत्तरीपुढची, पण चष्मा लावून अक्षरन् अक्षर वाचणारी. म्हणाली, "अरे, घरात डबाभर शंकरपाळे असताना यांची बिस्किटे कशाला?" डेटाला मराठीत 'विदा' म्हणावे असे काहीजण सुचवतात. आईला तो हिंदीतला निरोप वाटला. एकदा दिलेली माहिती गेली ती गेलीच, एवढा अर्थ तरी त्यातून बरोबर निघतो.

अठराच्या आतल्या मुलांसाठी आईबापांची पडताळता येईल अशी संमती हवी, असेही कलम आहे. आमचे चिरंजीव पंधरा वर्षांचे. संमती कुठे दाबायची हे ते मला दाखवणार आणि मी दाबणार.

राजकारणाकडे वळायचे तर इथवरचा सूर बदलावा लागतो. कंपन्यांना बांधणाऱ्या या कायद्यात सरकारने स्वतःसाठी दारे बरीच रुंद ठेवली आहेत. अनुदाने आणि सवलती देताना सरकारला काही परिस्थितीत संमतीची गरज नाही. एखाद्या सरकारी यंत्रणेला देशाच्या सुरक्षेसारख्या कारणासाठी अधिसूचनेने कायद्याबाहेर ठेवता येते. आणि जाता जाता माहितीच्या अधिकारालाही कात्री लावली आहे. हा अधिकार महाराष्ट्राने दिल्लीच्या आधी, २००२ सालीच कायद्यात आणला; अण्णा हजारे यांची उपोषणे आपल्याला आठवत असतील. केंद्राचा कायदा २००५ चा. त्यात खाजगी माहिती नाकारायची तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा ती देणे म्हणजे विनाकारण घुसखोरी आहे, असे दाखवावे लागे. जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, असे एक सुंदर वाक्यही होते. ते वाक्य गेले. आता माहिती 'वैयक्तिक' आहे, एवढे म्हटले की पुरे. व्यापक जनहितासाठी ती देण्याची मुभा दुसऱ्या कलमात कायम आहे, असे सरकारचे म्हणणे. ते खरेही आहे. पण मुभा कोणाला, तर साहेबाला. रस्त्याच्या कामावर हजेरीपटात कोणाची नावे लागली, हे विचारायला गेलेल्या गावकऱ्याला कारकून म्हणाला, "अहो, नाव म्हणजे वैयक्तिक माहिती," तर त्याने जनहित सिद्ध करत कोणकोणत्या पायऱ्या चढायच्या? माझा फोन नंबर सुरक्षित राहावा म्हणून हजेरीपट झाकायचा असेल, तर हा सौदा मला राजीखुशीचा वाटत नाही.

गेल्या सत्रात मी दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला एका ॲपची इंग्रजी सूचना दिली आणि सांगितले, आपापल्या आजीला समजेल अशा मराठीत लिहून आणा. बहुतेकांनी यंत्राकडून भाषांतर करून आणले. ते ओळखायला एम. ए. व्हावे लागत नाही. एका मुलीने मात्र चार ओळी लिहिल्या होत्या: 'तुमचा फोन नंबर, तुम्ही कुठे आहात ते, आणि फोनमधली ओळखीच्या लोकांची यादी आम्ही घेऊ. ती आम्ही आमच्या ओळखीच्या कंपन्यांना देऊ. त्या कोणत्या, ते इथे लिहिलेले नाही. चालणार असेल तर खालचे बटण दाबा.'

कागद घरी आणून आईला वाचून दाखवला. सगळे एकदम समजले तिला. म्हणाली, "आणि चालणार नसेल तर?"

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला विचारले, "एवढे छान लिहिलेस, मग हे का नाही लिहिलेस?"

"सर," ती म्हणाली, "मूळ इंग्रजीतच ते नव्हतं."