कपाटाची किल्ली कुणाकडे?

'कामं वाटून घेऊ' असं आपण दर बैठकीत म्हणतो. वाटतो काय? सतरंज्या घालणं, निरोप देणं, पावत्या फाडणं. पैसे कशावर खर्चायचे, हे मात्र दोघी-तिघीच ठरवतात. मीही त्यातलीच. साताऱ्यात बचत गटांचं काम बघताना एका कार्यकर्तीला एक गट सोपवला आणि दर आठवड्याला तिची वही तपासत राहिले. चौथ्या महिन्यात ती म्हणाली, "ताई, मग तुम्हीच लिहा की." राग आला, खरं सांगते.

सांगलीत 'संग्राम'ने १९९२ पासून धंदा करणाऱ्या बायकांमध्ये एचआयव्ही रोखण्याचं काम उभं केलं. निरोध वाटण्याचं काम त्याच बायकांकडे दिलं. तेवढ्यावर थांबले असते, तर त्या नुसत्या वाटप करणाऱ्या राहिल्या असत्या. १९९६ मध्ये त्यांची स्वतःची 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' झाली आणि आपले प्रश्न त्या स्वतः मांडू लागल्या.

आपण शिकलेल्या बायका म्हणतो, 'अजून त्यांची तयारी नाही.' म्हसवडच्या माणदेशी महिला बँकेचा पहिला अर्जही असाच नाकारला गेला होता, बायका अंगठा उठवतात म्हणून. त्या लिहा-वाचायला शिकल्या आणि १९९७ मध्ये बँक सुरू झाली.

सोपवताना रकमेची मर्यादा आधीच ठरवावी. तिच्या आतला खर्च तिनं कुणाला न विचारता करावा. चुकलीच, तर चारचौघींत बोलू नये. मी आता वही महिन्यातून एकदाच बघते. परवा तिच्या गटानं एक कर्ज मंजूर केलं. मला पटलं नव्हतं. दिलं त्यांनी.