गोंगाट सोसत नाही त्याचं काय?

रमजानात शहागंज, सिटी चौकात रात्री उशिरापर्यंत गजबज असते. वसतिगृहातला एखादा मुलगा मात्र इफ्तार आटोपताच खोलीत शिरतो. 'शिष्ट आहे', मित्र म्हणतात. खरं तर आवाज, झगमगाट, गर्दीतला अत्तराचा दर्वळ त्याला इतरांपेक्षा जास्त टोचतो. हे नखरे नव्हेत. काहींची ज्ञानेंद्रियं अशीच हळवी असतात. परीक्षेच्या ताणात, अपुऱ्या झोपेत त्रास आणखी वाढतो.

सल्ला ठरलेला: जिम लाव! व्यायामानं मन हलकं होतं, हे खरंच. पण कानठळ्या बसवणारी गाणी ही त्याला शिक्षाच. त्यापेक्षा डोंगराच्या पायथ्याशी असलेला मराठवाडा विद्यापीठाचा परिसर बरा. फजरनंतर अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस भरभर चाललं की जागतिक आरोग्य संघटनेची 150 मिनिटं भरतात. रोजात वेग कमी ठेवावा.

शैक्षणिक संस्थांभोवती 100 मीटरपर्यंत शांतता क्षेत्राची तरतूद 2000च्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे. जलसा असो की मिरवणूक, ती सगळ्यांनीच पाळायला हवी. मन फार बेजार झालं तर 'टेली-मानस'चा 14416 क्रमांक आहे. आणि सहरीला उठवणाऱ्यांनी त्याचं दार जरा हळूच वाजवावं.