पुडीतल्या गोळीचे नाव विचारा!



सर्दी झाली, घसा धरला, अंगात कणकण आली की आपल्या वस्तीतला माणूस जवळच्या फॅमिली डॉक्टरकडे जातो. दोन मिनिटांत तपासणी उरकते, एक इंजेक्शन टोचले जाते आणि सुट्या गोळ्यांची पुडी हातात पडते. तिच्यात बऱ्याचदा एक अँटिबायोटिक असते. वास्तविक बहुतेक सर्दी-खोकला विषाणूमुळे होतो आणि अँटिबायोटिक फक्त जिवाणूंवर चालते. म्हणजे ती गोळी त्या आजारावर काहीच करत नाही. मात्र तिला दाद न देणारे जिवाणू मागे उरतात, वाढतात, एकाकडून दुसऱ्याकडे जातात. उद्या खरा न्यूमोनिया झाला की तीच गोळी निकामी ठरते.

यावर शहाणी माणसे सांगतात, "गरिबांनाच घाई असते, तेच स्ट्राँग औषध मागतात." आम्हाला हा युक्तिवाद मान्य नाही. नाशिकच्या सातपूर-अंबड एमआयडीसीतल्या कंत्राटी कामगाराचा खाडा पडला की हजेरी बुडते. कल्चर तपासणीला पैसे लागतात आणि अहवालाला दोन-तीन दिवस. पेशंट उद्या उठला नाही तर दुसऱ्या दवाखान्यात जाईल, ही भीती डॉक्टरला असते. म्हणून निदानाच्या जागी गोळी दिली जाते. घाई पेशंटच्या स्वभावात नाही, त्याच्या रोजंदारीत आहे.

बाबासाहेब मजूरमंत्री असताना कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा तयार झाला आणि 1948 मध्ये ईएसआय कायदा आला. ईएसआय योजनेत आजारपणात वेतनाच्या 70 टक्के रक्कम, वर्षात 91 दिवसांपर्यंत मिळते. पण पहिले दोन दिवस सहसा धरले जात नाहीत. सर्दी-तापाचे दिवस नेमके तेच! आणि ज्याचे नाव ठेकेदाराने ईएसआयमध्ये घातलेलेच नाही, त्याला तर काहीच नाही.

किंमत कोण मोजतो? जुना खोकला घेऊन आलेल्याला लेव्होफ्लॉक्सॅसिन दिले की चार दिवस बरे वाटते. तो खोकला टीबीचा असेल तर निदान लांबते आणि दाटीच्या घरात रोग पसरत राहतो. वर हेच औषध औषध-प्रतिरोधक टीबीच्या उपचारातले महत्त्वाचे हत्यार आहे. साधी औषधे चालेनाशी झाल्यावर महागडे इंजेक्शन आणि आयसीयूचे बिल श्रीमंत कसेबसे भरेल. आपला माणूस दागिना मोडेल.

कायदा नाही असे नाही. 1 मार्च 2014 पासून शेड्यूल एच-1 लागू आहे. त्यातल्या औषधांसाठी केमिस्टने डॉक्टरचे व पेशंटचे नाव वेगळ्या रजिस्टरात लिहून ते तीन वर्षे जपायचे असते. जानेवारी 2024 मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालकांनी अँटिबायोटिक लिहिताना कारणही लिहा, असे आवाहन डॉक्टरांना केले. पण दवाखान्यातल्या पुडीला ना चिठ्ठी, ना केमिस्टचे रजिस्टर. ज्या औषधाला नावच नाही, त्याची नोंद कुठे होणार? ज्ञान एकाच्या हातात आणि दुसऱ्याने मुकाट गिळायचे, ही व्यवस्था आपण चांगली ओळखतो.

म्हणून वस्तीतल्या तरुणांनी कामाला लागावे. डॉक्टरला तीन प्रश्न विचारा: या गोळीचे नाव काय? यात अँटिबायोटिक आहे का? असेल तर कशासाठी? नाव चिठ्ठीवर लिहून मागा. गरज असताना दिलेले औषध मात्र सांगितले तसेच घ्या. उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देऊ नका.

पण एवढ्यावर थांबता येणार नाही. प्रत्येक कंत्राटी कामगाराची ईएसआय नोंदणी, पहिल्या दिवसापासून भरपगारी आजारपणाची रजा, महापालिकेच्या दवाखान्यांतून मोफत कल्चर तपासणी आणि वस्तीत स्वच्छ पाणी, या आपल्या मागण्या असल्या पाहिजेत. राज्याचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच नाशिकमध्ये आहे. त्याने शहरातल्या दवाखान्यांत किती अँटिबायोटिके विनाकारण दिली जातात, हे मोजून जाहीर करावे. संविधानाच्या कलम 47 ने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे शासनाचे प्राथमिक कर्तव्य ठरवले आहे. हे कर्तव्य पुडीत गुंडाळून आपल्या हाती ठेवता येणार नाही.

जय भीम!