मवाली आणि तोडफोड : भाषिक सीमारेषा ओलांडणारी मुंबईची एक रॅप-जोडी

१/ महाराष्ट्र आणि गुजरात १ मे १९६० रोजी वेगळे झाले, हे आपण सर्वांनी शाळेत पाठ केले आहे. त्या विभागणीची रेषा वारल्यांच्या मुलखातून गेली, हे मात्र पाठ्यपुस्तकात सहसा आढळत नाही. आजच्या थ्रेडचा विषय आहे मुंबईची एक रॅप-जोडी: मराठीत रॅप करणारे एमसी मवाली आणि गुजरातीत रॅप करणारे, आता दिवंगत, एमसी तोडफोड. माझे मत आरंभीच मांडतो. या दोघांच्या कामाला मुंबईच्या भाषिक इतिहासात स्थान मिळायला हवे. ‘तरुणांचे संगीत’ या सदरात ते काम पुरते मावत नाही.

२/ प्रथम ओळख. ‘स्वदेशी’ हा मुंबईचा हिपहॉप समूह २०१३ च्या सुमारास उभा राहिला. त्यात रॅपर होते, तसेच ध्वनिनिर्माते आणि डीजेही होते. म्हणजे मवाली आणि तोडफोड ही दोघांपुरती वेगळी संस्था नव्हती. तरीही एकाच ठेक्यावर एक आवाज मराठीत आणि दुसरा गुजरातीत, हा या समूहाचा सर्वांत वेगळा विशेष ठरला. म्हणून येथे ‘जोडी’ हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरतो आहे.

३/ ‘अंडरग्राउंड’ हा शब्द इतिहासाच्या वाचकाला १९४२ च्या भूमिगत चळवळीकडे नेतो. येथे त्याचा अर्थ निराळा आहे. चित्रपटसृष्टी आणि बड्या ध्वनिमुद्रण कंपन्या यांच्या आश्रयावाचून, स्वतःच्या हिमतीवर गाणे रचणे, ध्वनिमुद्रित करणे आणि श्रोत्यांपर्यंत नेणे म्हणजे अंडरग्राउंड. आश्रयदाता नसल्यामुळे काय म्हणायचे हे कलावंत स्वतः ठरवतो, आणि त्याची किंमतही स्वतःच मोजतो.

४/ आता भाषेकडे वळू. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईचे विशाल द्वैभाषिक राज्य अस्तित्वात आले. मराठी भाषकांना ते नको होते, गुजराती भाषकांनाही नको होते. इकडे संयुक्त महाराष्ट्र समिती उभी ठाकली, तिकडे इंदुलाल याज्ञिकांच्या नेतृत्वाखाली महागुजरात जनता परिषद. मुंबई कोणाची, डांग कोणाचा, यांवरून वाद होतेच. तरी द्वैभाषिक मोडावे, या एका मुद्द्यावर दोन्ही चळवळींचे तोंड एकाच दिशेला होते. लोकस्मृतीत भांडण उरले, हे साम्य मात्र विसरले गेले.

५/ योगायोग पाहा. बृहन्मुंबईची हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत वाढली ती १९५७ साली. बोरीवली मुंबई महापालिकेत आली, तीच मुळी द्वैभाषिकाच्या काळात. आज मराठी आणि गुजराती एकाच इमारतीत, एकाच बाजारात, एकाच लोकलच्या डब्यात ऐकू येतात अशा उपनगरांत बोरीवलीचे नाव आधी घ्यावे लागते. तेथे दोन भाषांचा सहवास ही रोजची गोष्ट आहे. भाषेचा विषय राजकारणात निघाला की मात्र हा सहवास कोणाला आठवत नाही.

६/ याच बोरीवलीच्या पूर्वेस संजय गांधी राष्ट्रीय उद्यान पसरले आहे, क्षेत्रफळ सुमारे शंभर चौरस किलोमीटर. त्याच्या दक्षिण टोकाला लागून आरे. दोन्ही ठिकाणी वारली आणि इतर आदिवासींचे पाडे आहेत. आरे दुग्धवसाहत १९४९ नंतर वसली, चित्रनगरी १९७७ साली आली, पाडे त्याआधीचे. शहर त्यांच्याभोवती वाढत गेले आणि पुढे कागदोपत्री तेच ‘अतिक्रमण’ ठरू लागले.

७/ आरेमध्ये मेट्रो-३ ची कारशेड उभारण्याचे ठरले, तेव्हा या पाड्यांतून आणि शहरातून विरोध सुरू झाला. त्याच काळात, २०१९ मध्ये, ‘स्वदेशी’ने आरेतील आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन एक गाणे केले. नाव: ‘द वारली रिव्होल्ट’. इतिहासाच्या विद्यार्थ्याने या नावापाशीच थांबायला हवे, कारण हे नाव आधी एका प्रत्यक्ष उठावाचे आहे.

८/ तो उठाव १९४५ चा. ठाणे जिल्ह्यातील डहाणू आणि उंबरगाव तालुक्यांत वारली वेठबिगार करीत होते. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी नवराबायको जमीनदाराच्या दारी राबत. त्यांना ‘लग्नगडी’ म्हणत. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या पुढाकाराने किसान सभेने वारल्यांना संघटित केले आणि वेठ बंद झाली. मजुरीच्या लढ्यात ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाडा येथे गोळीबार झाला. त्यात जेठ्या गांगडसह पाच जण मारले गेले. गोदावरीबाईंचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक या लढ्याचा आधारग्रंथ मानले जाते.

९/ आता पहिल्या पोस्टमधली रेषा आठवा. १९६० साली उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग गुजरातेत गेला आणि तलासरीचा भाग महाराष्ट्रात राहिला. ज्या मुलखाने एकत्र उठाव केला, तो दोन राज्यांत वाटला गेला. नकाशा आखताना प्रश्न होता मराठी की गुजराती, एवढाच. वारली बोलीचा आणि वारल्यांच्या एकसंध मुलखाचा विचार त्या प्रश्नात बसत नव्हता.

१०/ म्हणूनच, मराठी आणि गुजराती दोन्ही आवाज ज्यात आहेत अशा समूहाने वारल्यांच्या उठावाचे नाव पुन्हा उच्चारावे, यात मला मोठा अर्थ दिसतो. त्यांनी राज्यपुनर्रचनेचा अभ्यास करून हे केले, असा माझा दावा नाही. तसा दावा करण्याची गरजही नाही. कलाकृतीचा ऐतिहासिक अर्थ तिच्या कर्त्याच्या हेतूपुरता मर्यादित नसतो.

११/ एक आक्षेप नेहमी ऐकू येतो: रॅप उसने आहे, आपला तो पोवाडा. उसने आहेच. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये डीजे कूल हर्क यांनी वाजवलेल्या मेजवानीपासून हिपहॉपचा जन्म मोजतात. पण तो ब्राँक्स कसा होता? क्रॉस-ब्राँक्स एक्स्प्रेसवे या महामार्गासाठी हजारो कुटुंबांची घरे पाडली गेलेला. शहराच्या विकासासाठी ज्यांना बाजूला सारले गेले, त्यांच्या वस्तीत ही कला रुजली. आरेच्या प्रश्नाला तिने आवाज दिला, तर त्यात परके असे काय आहे?

१२/ दुसरे टोक कौतुकाचे: ‘हे आजचे शाहीर!’ हेही मला अर्धेच पटते. अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांच्या लाल बावटा कलापथकामागे पक्ष होता, कामगार संघटना होती, गिरणगावातील सभा होती. ‘स्वदेशी’मागे अशी बांधीव संघटना नव्हती. स्वतःच्याच नावाने उभे राहून बोलण्यात मोकळीक आहे आणि एकटेपणही. ‘शाहीर’ ही पदवी बहाल केली की हा फरक झाकला जातो.

१३/ परंपरेशी नाते शोधायचेच असेल तर ते कलगी-तुऱ्यात शोधावे. तेथे दोन पक्ष समोरासमोर बसून सवाल-जवाबांत एकमेकांना अडवत. रॅपमधील शाब्दिक चकमक त्याच जातीची. या जोडीत मात्र एक बदल आहे. दोन भाषा समोरासमोर नाहीत, शेजारी उभ्या आहेत, आणि त्यांचा सवाल तिसऱ्यालाच आहे. १९५७ साली समिती आणि परिषद जशा एकाच सत्तेला प्रश्न विचारीत होत्या, तसाच.

१४/ या प्रवासातील तालमीचा भागही नोंदवण्याजोगा आहे. मृदंगवादक विवेक राजगोपालन यांच्या ‘ता धोम’ प्रकल्पात ‘स्वदेशी’च्या रॅपरांनी कर्नाटक संगीतातील तालाचे बोल आणि रॅप यांची सांगड घातली. २०१९ च्या ‘गली बॉय’ चित्रपटातील ‘इंडिया ९१’ हे गाणे त्याच वाटेने आले. त्यात तोडफोड यांचा आवाज आहे. चित्रपटाने कीर्ती दिली, पण त्याआधीची काही वर्षांची मेहनत त्या कीर्तीत दिसत नाही.

१५/ गाण्याने झाडे वाचली का? नाही. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री तोड सुरू झाली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने ती थांबवली, तोवर दोन हजारांहून अधिक झाडे गेली होती. २०२० मध्ये आरेतील सुमारे ८०० एकर क्षेत्र राखीव वन म्हणून जाहीर झाले. कारशेड कांजूरमार्गला नेण्याचे ठरले, २०२२ मध्ये पुन्हा आरेत आली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये आरेपासून मेट्रो धावू लागली. गाण्याचे मोल जय-पराजयावर ठरवायचे असेल, तर हा हिशेब फारसा आशादायी नाही.

१६/ माझ्या दृष्टीने मोल निराळे आहे. आरेविषयी न्यायालयीन कागद आहेत, शासकीय आदेश आहेत, मेट्रोचे अहवाल आहेत. उद्याचा इतिहासकार ते सारे वाचेल. पाड्यातला माणूस या सगळ्याविषयी काय म्हणत होता, हे त्यांत क्वचितच सापडेल. ‘द वारली रिव्होल्ट’मध्ये प्रकाश भोईर स्वतः बोलतात. समूहाने त्यांच्या वतीने बोलण्याऐवजी त्यांना माइक दिला. साधन म्हणून या गाण्याची किंमत येथे आहे.

१७/ मार्च २०२२ मध्ये तोडफोड, म्हणजे धर्मेश परमार, अवघ्या २४ व्या वर्षी गेले. त्यांचा स्वतःचा अल्बम त्याच महिन्यात आला होता. मुंबईतील गुजरातीचा एक निराळा आवाज, व्यापारपेठेच्या आणि उंच इमारतींच्या ठरीव प्रतिमेत न बसणारा, त्यांच्याबरोबर थांबला. गुजराती म्हणजे धनिक आणि मराठी म्हणजे श्रमिक, हे समीकरण मुंबईत किती अपुरे आहे, याची साक्ष हा तरुण प्रत्येक कडव्यात देत होता.

१८/ मित्रहो, शिलालेख टिकले कारण ते दगडात होते, पोवाडे टिकले कारण कोणीतरी ते उतरवून घेतले. ही गाणी संकेतस्थळांच्या मर्जीवर आहेत. एक खाते बंद झाले की दुवा मेला. तेव्हा ज्यांना शक्य आहे त्यांनी शब्द उतरवावेत, अवघड बोलीशब्दांचे अर्थ लिहावेत, तारीख आणि ठिकाण नोंदवावे, आणि मवाली व त्यांच्या पिढीच्या कलावंतांना भेटून त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित कराव्यात. आपल्याच शहरातले, हयात असलेले साक्षीदार आहेत. काम आताच करायचे आहे.

१९/ आणि पुढच्या वेळी मराठी विरुद्ध गुजराती असा वाद पेटेल, तेव्हा उत्तर देण्याआधी १९५६ सोबत १९४५ ही आठवावे, आणि २०१९ ही. (समाप्त)