साठा जुळत नसेल तर आधी संगणक तपासावा

चिकित्सालय आणि त्याला लागूनच औषधालय, ही रचना आपल्या हिंगोली जिल्ह्यात वसमतपासून सेनगावपर्यंत सर्वत्र आढळते. संगणक मात्र बहुधा एकच असतो. वैद्य आपल्या खात्यातून रुग्णांच्या नोंदी व औषधखरेदी लिहितात, औषधालयातील सहायक त्याच्या खात्यातून बिले करतो; साठ्याचे सॉफ्टवेअर दोघांचे एकच. या व्यवस्थेत उद्भवणाऱ्या एका दोषाचे खापर अकारण माणसाच्या माथी फुटते, म्हणून हा लेखनप्रपंच.

समजा, वैद्यांच्या खात्यात अविपत्तिकर चूर्णाच्या ४० डब्या शिल्लक दिसतात. सहायकाच्या खात्यात २२ दिसतात आणि फडताळातही २२ च आहेत. वैद्यांनी आपल्या खात्यातून विक्री पाहावी, तर एकही बिल नाही! १८ डब्या गेल्या कोठे? संशय घेण्यास एवढे पुरेसे होते.

वस्तुतः चोरी झालेलीच नसते. विंडोज एक्सपीच्या काळातील अनेक सॉफ्टवेअर आपली नोंदफाइल 'प्रोग्राम फाइल्स'मध्येच ठेवीत. २००७ साली आलेल्या व्हिस्टापासून अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराविना साधेच उघडलेल्या सॉफ्टवेअरला कोणत्याही खात्यातून तेथे लिहिण्यास मज्जाव झाला. परंतु जुनी ३२ बिट सॉफ्टवेअर बंद पडू नयेत म्हणून विंडोज त्या फाइलची प्रत त्या खात्याच्या 'व्हर्च्युअलस्टोअर'मध्ये गुपचूप करते व पुढील नोंदी तेथेच घेते. वैद्यांनी सॉफ्टवेअर अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराने चालविले, तर त्यांना मूळ फाइल दिसते. एकाच दुकानाच्या दोन वह्या होतात आणि पडद्यावर कोणतीही सूचना येत नाही.

यावर तंत्रज्ञ मंडळींचा ठरलेला उपाय म्हणजे सहायकालाही अ‍ॅडमिनिस्ट्रेटर करणे, अथवा दोघांनी एकच खाते वापरणे. आम्हास तो मान्य नाही. पहिल्याने दोष जातोच असे नाही. कारण खाते अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे असूनही सॉफ्टवेअर साधेच उघडले, तर प्रत पुन्हा वेगळी होते. दुसऱ्याने रुग्णांची गोपनीय माहिती काउंटरवर उघडी पडते आणि नोंद कोणी बदलली हे कळेनासे होते. लक्षण दाबून निदान सोडून देण्याचा हा प्रकार आपल्या शास्त्रात तरी बसत नाही.

योग्य मार्ग थोडा कष्टाचा आहे. दोन्ही खात्यांत लपविलेली फोल्डर दिसतील असे करून अ‍ॅपडेटा, त्यातील लोकल व त्यातील व्हर्च्युअलस्टोअर उघडावे. सापडलेल्या प्रती व मूळ फाइल पेन ड्राइव्हवर घेऊनच पुढे जावे. नोंदफाइलसाठी 'प्रोग्राम फाइल्स'बाहेर सामाईक फोल्डर करावे, दोन्ही खात्यांना केवळ त्या फोल्डरपुरता बदलाचा अधिकार द्यावा आणि सॉफ्टवेअरला नवा पत्ता द्यावा. पत्ता बदलण्याची सोयच नसेल, तर ते सॉफ्टवेअर बदलणे बरे. एक प्रत दुसरीवर चढवू नये. एका खात्याच्या नोंदी कायमच्या पुसल्या जातील.

फाइल उघडत नाही ही तक्रार निराळी. तेथे बहुधा 'स्विच यूजर' केल्याने पहिल्या खात्यात सॉफ्टवेअर चालूच राहिलेले असते. 'साइन आउट' करावे.

राहिलेली बिले छापील प्रतींवरून हातानेच भरावीत. त्या वेळी बॅच क्रमांक व मुदत पडद्यावरून न घेता फडताळातील प्रत्यक्ष डबीवरून वाचावी, आणि हे काम सहायकाला शेजारी बसवूनच करावे.