तसबिरीतली 'कुमारी' कोण?



महाडच्या एका भगिनीचे पत्र आले होते. माळा आवरताना त्यांना काच तडकलेली एक तसबीर सापडली. आत दुसुतीवर लाल दोऱ्याने, फुलीच्या टाक्यात भरलेली मुळाक्षरे, राघूमैनेची जोडी आणि खाली 'कु.' लावून एक नाव, पुढे 'इ. ४ थी, जि. कुलाबा'. घरात त्या नावाची मुलगी कधी झालीच नाही. त्यांनी विचारले होते, "ही कोण? ठेवू की टाकू?"

टाकू नका, असे मी उलट टपाली कळवले. २२ जुलै २०२१ ला सावित्रीचे पाणी महाडात शिरले, तेव्हा कितीतरी घरांतले फोटो, वह्या, लुगडी चिखलात गेली. माळ्यावर होती म्हणून ही तसबीर वाचली.

इंग्लंडात मुलींकडून असे नमुन्याचे कापड भरून घेण्याची जुनी चाल. एलिझाबेथ पार्कर हिचे कापड लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात आहे. ससेक्समधल्या एका मजुराची ही मुलगी, जन्म १८१३ चा. तेराव्या वर्षापासून परघरी कामाला. मालकाने केलेले हाल, मनात आलेला जीव देण्याचा विचार, सारे तिने १८३० च्या सुमारास लाल रेशमाने टाक्याटाक्यांनी लिहिले. माझ्या जिवाचे पुढे काय होणार, या प्रश्नाशी मजकूर मध्येच तुटतो. वाटावे, पोरीने काही बरेवाईट केले की काय! पण संशोधकांनी जुन्या नोंदी धुंडाळल्या तेव्हा कळले, ती पुढे शिक्षिका झाली आणि ७६ वर्षे जगली. शोध लागला, कारण तिचे नाव जन्मभर पार्करच राहिले.

आपल्याकडे अडचण तिथेच! मुलगी बोहल्यावर चढली की आडनावाबरोबर पाळण्यातले नावही जायचे. मग शोधायचे कसे? मी त्या भगिनीला सुचवले ते असे:

तसबीर मागून उघडा. आधाराला जुने वर्तमानपत्र घातलेले असते. त्याची तारीख वाचा. तसबीर केव्हा केली याचा अंदाज येतो. 'कुलाबा' हीही खूणच. जिल्ह्याचे नाव रायगड झाले १९८१ साली, तेव्हा कापड बहुधा त्याआधीचे.

मग शाळा. जुन्या मराठी शाळेच्या जनरल रजिस्टरात मुलीचे नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख आणि शाळा सोडल्याची तारीख असते. तहसील कचेरीत कोतवाल बुकातल्या जन्ममृत्यूच्या नोंदीही पाहता येतात. मात्र मुलगी जन्मली एवढेच लिहून तिचे नाव घातलेले नसते, असेही होते. तेव्हा बापाच्या नावाने शोधा.

आणि हे सगळे करण्याआधी नात्यातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला कापड दाखवा.

त्यांनी तेच केले. पोलादपूरला आत्येसासूबाई असतात, त्यांच्याकडे तसबीर नेली. आत्याबाईंनी चष्मा लावून नाव वाचले नि म्हणाल्या, "अगं, ही आमची आई! मामा तिला याच नावानं हाक मारायचा."

म्हणजे घरातली कोणी नाही असे वाटलेली ती यांच्या आजेसासूबाईच! घरात त्यांचा फोटो होता, श्राद्ध होत होते. पण हे नाव नातवालाही ठाऊक नव्हते. माहेरच्या गावच्या शाळेत रजिस्टर मिळाले. चौथीनंतर नाव काढलेले. पुढच्या वर्षी लग्न झाले, हे आत्याबाईंनी सांगितले.

अशा कापडाची निगा: पाण्यात बुडवू नका, लाल दोऱ्याचा रंग जातो. आधी ओले पांढरे फडके कोपऱ्यावर टेकवून पाहा. रंग लागला तर नुसती धूळ मऊ ब्रशने हलकेच झाडा. घडी घालू नका, टाके घडीवर तुटतात. स्वच्छ मलमलीत गुंडाळून ठेवा. डांबराच्या गोळ्या कापडाला चिकटून ठेवू नका. भिंतीवर लावायचे तर ओल आणि ऊन टाळा. कोकणातल्या पावसाळ्यात तर उतरवूनच ठेवलेले बरे.

आणखी एक करा. फितीच्या तुकड्यावर माहेरचे नाव, सासरचे नाव आणि गाव दोऱ्याने घाला व ती फीत मागच्या बाजूला टाचा. तुमच्या स्वतःच्या भरतकामालाही अशीच फीत लावा. तुमच्या नातसुनेला कोणाला विचारत हिंडावे लागू नये!