रंगावर जाऊ नका

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली गोष्ट. कोरगावच्या आत्याचे मोतिबिंदूचे ऑपरेशन बेळगावात करायचे ठरले होते. डॉक्टरांची तारीख मिळाली आणि आत्याला घेऊन येण्याचे काम मी अंगावर घेतले. तिला बस लागते, म्हणून आपलीच गाडी काढली. चोर्ला घाट उतरून केरी, साखळी, डिचोली, अस्नोडा करत कोलवाळचा पूल ओलांडला आणि पेडणे तालुक्यात शिरलो. धारगळच्या आसपास इंजिनच्या उष्णतेचा काटा नेहमीपेक्षा वर सरकलेला दिसला. उन्हाचा परिणाम, असे म्हणून मी एसी बंद केला आणि तसाच पुढे गेलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचे होते. आत्याची पिशवी भरून झाली होती, कमळेश्वराला हात जोडून झाले होते. माझा आतेभाऊ, आम्ही त्याला भाई म्हणतो, पूर्वी डिचोली भागात खाणीवर टिपर चालवायचा. २०१२ साली खाणी बंद पडल्या, तेव्हापासून टॅक्सी चालवतो. घाट चढायचा आहे, एकदा पाहून घेऊ, म्हणून त्याने अंगणात गाडीचे बॉनेट उघडले. रेडिएटरजवळच्या पांढऱ्या टाकीचे झाकण काढले, आत बॅटरी मारली आणि माझ्याकडे वळून विचारले, "हें कोणें घातलें रे?"

टाकीत गुलाबी कूलंट असायला हवे होते. तिथे चहाच्या रंगाचा दाट गाळ होता. बोटाला लावला तर बुळबुळीत.

मग मला फेब्रुवारी आठवला. टाकीतली पातळी खालच्या रेषेच्याही खाली गेली होती. वाटेतल्या एका गॅरेजमध्ये थांबलो. तिथल्या पोराने हिरव्या कूलंटचा डबा उचलला. मी म्हटले, "अरे, आमचे गुलाबी आहे." तो म्हणाला, "काका, कूलंट म्हणजे कूलंट. रंगाचं काय घेऊन बसलात?" मलाही घाई होती. मी मान डोलावली. म्हणजे चूक त्याची निम्मी आणि माझी निम्मी.

वाचकहो, गंमत अशी की त्या पोराचे म्हणणे अर्धे खरे होते. रंगाला खरेच काही अर्थ नाही. कूलंट मुळात बिनरंगी असते. गळती ओळखता यावी आणि आपला माल वेगळा दिसावा म्हणून कंपन्या त्यात रंग घालतात. एका कंपनीचे हिरवे ते दुसरीचे हिरवे असेलच असे नाही. दोन गुलाबी कूलंटही आतून अगदी वेगळी असू शकतात. फरक असतो तो गंज रोखणाऱ्या रसायनांत.

पाणी आणि इथिलीन ग्लायकॉल हा बहुतेक कूलंटचा पाया. जुन्या पद्धतीच्या कूलंटमध्ये गंज रोखायला सिलिकेट, फॉस्फेट यांसारखे क्षार असतात आणि ते साधारण दोन वर्षांत बदलावे लागते. नव्या पद्धतीत सेंद्रिय आम्ले असतात. ते बरेचदा पाच वर्षे चालते. दोन्हींचा मेळ घातलेला तिसरा, संकरित प्रकारही आहे. त्यातही युरोपीय गाड्यांच्या कूलंटमध्ये सिलिकेट चालते पण फॉस्फेट टाळतात, कारण जड पाण्यात त्याची खपली धरते. जपानी आणि कोरियन गाड्यांचे बरोबर उलट.

न जुळणारे प्रकार एकत्र आले की सिलिकेट विरघळलेले न राहता जेलीसारखे साका धरू शकते. फोक्सवॅगनच्या जुन्या निळ्या-हिरव्या जी-११ आणि नंतरच्या लाल जी-१२ कूलंटचे असेच होई. दोन्ही मिसळली की तपकिरी गाळ. पुढे कंपनीने जुन्याशी जुळेल असे नवे कूलंट काढले. दरवेळी असा चिखल होतोच असे नाही. पुष्कळदा वरून काहीच दिसत नाही, पण गंज रोखण्याची ताकद कमी होते आणि पाच वर्षांचे कूलंट दोन वर्षांतच निकामी होते. न दिसणारे नुकसान जास्त वाईट, कारण ते कळते तेव्हा उशीर झालेला असतो.

आमच्या मुलांचे धारवाडचे अज्जा या सगळ्यावर हसतात. त्यांनी ॲम्बॅसिडर वर्षानुवर्षे नळाच्या पाण्यावर चालवली. त्यांचा सल्ला एकच, "बरी नीर हाक्री, साकु!" त्यांच्या काळात ते खपून गेले, कारण ते इंजिन जाड बिडाचे होते. आजच्या इंजिनात आणि रेडिएटरमध्ये ॲल्युमिनियम असते, नळ्या बारीक असतात. नुसत्या पाण्याने, त्यातून बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने, त्या आतून खराब होतात आणि चोंदतात.

काही जण म्हणतात, आपल्याकडे कुठे बर्फ पडतो? निम्मे पाणी, निम्मे ग्लायकॉल असे मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही हे खरे, आणि पेडण्यात त्याचा उपयोग नाही हेही खरे. पण तेच मिश्रण १०० ऐवजी साधारण १०७ अंशांना उकळते, आणि झाकणाच्या दाबामुळे ती मर्यादा १२० च्याही वर जाते. चोर्ल्याचा चढ, मे महिना, पाच माणसे आणि डिकीत फणस असले की हे वरचे अंशच आपल्याला तारतात.

म्हणून एवढे लक्षात ठेवा. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत कूलंटचा प्रकार लिहिलेला असतो, तो वहीत उतरवून गाडीत ठेवा. डब्याचा रंग न पाहता लेबल वाचा. नुसते आयएस ५७५९ हे भारतीय मानक दिसले म्हणून ते तुमच्याच गाडीचे, असे होत नाही. लेबलवर तयार मिश्रण लिहिले आहे की पाणी घालायचे, तेही पाहा. पाणी घालायचे असेल तर बॅटरीत घालतो तेच डिस्टिल्ड वॉटर वापरा. वाटेत पातळी उतरली आणि योग्य कूलंट मिळाले नाही, तर अनोळखी डब्यापेक्षा पाव-अर्धा लिटर डिस्टिल्ड वॉटर केव्हाही बरे. पातळी पुन्हा पुन्हा उतरत असेल तर भर घालत बसू नका, गळती शोधा. गरम इंजिनचे झाकण कधीही उघडू नका, उकळते पाणी तोंडावर उडते. आणि उरलेले कूलंट सरबताच्या बाटलीत मुळीच ठेवू नका. ते चवीला गोड पण विषारी असते. मुलांच्या आणि कुत्र्या-मांजरांच्या जिवाशी खेळ नको.

तर त्या पहाटे भाईने आपले पणजीचे भाडे दुसऱ्याला दिले आणि आत्याला टॅक्सीत बसवून बेळगावला नेले. मी कोरगावात मागे राहिलो. पेडण्याच्या मेकॅनिकने सगळे कूलंट काढले, स्वच्छ पाणी येईपर्यंत चार वेळा धुतले, चोंदलेला थर्मोस्टॅट बदलला आणि पुस्तिकेत लिहिलेलेच कूलंट भरले. दोन दिवस आणि नऊ हजार रुपये गेले. तो म्हणाला, "असाच घाट चढला असता तर हेड गॅस्केट गेलं असतं."

तिसऱ्या दिवशी मी बेळगावला पोचलो, तेव्हा आत्याच्या डोळ्यावरची पट्टी निघाली होती. मला पाहून म्हणाली, "मला न्यायला आला होतास ना? ये, बस. चहा घे."

आमच्या घरात अज्जांचे नीर, आईचे पाणी आणि आत्याचे उदक एकाच तांब्यात सुखाने नांदते. कूलंटचे तसे नाही.